तुमचा कॉम्प्युटर, तुमचे प्रश्न: विंडोज आणि लिनक्सचा सामाईक ड्राइव्ह

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखच बदलला. जुनं मशीन विंडोज 11 घेत नाही, नवं घ्यायचं तर तीस-चाळीस हजारांना कात्री, म्हणून बऱ्याच जणांनी विंडोज आहे तसं ठेवून शेजारी लिनक्स ही मोफत सिस्टिम, म्हणजे तिचं मिंट किंवा उबुंटू हे रूप, बसवलंय. बसवणं आता सोपं झालंय. त्याच फायली दोन्हीकडून वापरायच्या म्हटलं की मात्र घोडं अडतं. या महिन्यात फक्त अशाच पत्रांना उत्तरं देते आहे.

ताई, इचलकरंजीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. श्रीलिपी आणि पेजमेकरसाठी विंडोज 10 ठेवलंय, मेल, बिलं आणि इंटरनेटसाठी लिनक्स मिंट. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, सगळं काम डी ड्राइव्हवर असतं. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, जुन्या फायली दिसतात, पण गिऱ्हाइकाने मेलवर पाठवलेला मजकूर तिथे ठेवायला गेलं की ‘रीड ओन्ली’ असं येतं. कधी कधी ड्राइव्ह उघडतच नाही. ओळखीच्या एका मुलाने ड्राइव्ह जबरदस्तीने उघडणारी कमांड दिली आहे. चालवू का?

चालवू नका. तो कागद आधी बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

तुमच्या मिंटमध्ये काही बिघाड नाही. ते तुमच्या पत्रिका वाचवतंय. विंडोज 8 आलं तेव्हापासून, म्हणजे 2012 पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. तुम्ही ‘शट डाउन’ दाबता, पडदा काळा होतो, पंखा थांबतो, पण विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, मात्र विंडोजचा गाभा मेमरीत जसा होता तसा सी ड्राइव्हवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून ठेवलेला असतो. सकाळी बटण दाबलं की तोच परत मेमरीत चढवला जातो, म्हणून मशीन लवकर सुरू होतं. या गाभ्यात तुमच्या डी ड्राइव्हची माहितीही असते: कोणती फाइल कुठे आहे, रिकामी जागा कोणती.

आता मधल्या वेळात तुम्ही मिंट सुरू केलंत आणि डी ड्राइव्हवर दहा नवीन फायली ठेवल्यात असं धरा. नंतर विंडोज जागं होतं ते कालचा नकाशा हातात घेऊन. त्याच्या लेखी ती जागा अजून रिकामीच आहे. ते तिथे दुसरं काही लिहितं आणि तुमच्या दहा फायली तर जातातच, शेजारच्या जुन्या फोल्डरलाही धक्का लागू शकतो. हे होऊ नये म्हणून विंडोज ड्राइव्हवर एक खूण सोडून जातं आणि लिनक्स ती खूण बघून लिहायला नकार देतं. ड्राइव्ह कसा जोडला गेलाय त्यावर नुसतं वाचू देणं किंवा अजिबात न उघडणं, असे दोन्ही प्रकार दिसतात.

त्या मुलाच्या कमांडमध्ये ‘फोर्स’ किंवा ‘रिमूव्ह हायबरफाइल’ असा शब्द असणार. पहिला ती खूण झुगारून लिहू देतो. दुसरा विंडोजचा साठवलेला गाभाच पुसतो, आणि विंडोज खरोखर हायबरनेट केलेलं (उघडी कामं तशीच डिस्कवर उतरवून बंद केलेलं) असेल तर त्यात उघडी ठेवलेली कामंही त्याबरोबर जातात. लग्नसराईत तीस पत्रिका अर्ध्यावर असताना हा धोका कशाला पत्करायचा?

उपाय विंडोजमध्ये आहे. कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. वरच्या बाजूला ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ अशी ओळ असते, तिच्यावर क्लिक केलं की खालच्या खुणा बदलता येतात. ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा, सेव्ह करा, मशीन एकदा पूर्ण बंद करून मिंट सुरू करा. मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. एसएसडी असेल तर तो फरक जाणवतही नाही. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ही खूण परत चढली नाही ना, ते एकदा बघत जा.

दुकानात गर्दी आहे आणि आत्ता एवढं करायला वेळ नाही? मग विंडोजमधून मिंटमध्ये जाताना ‘शट डाउन’ न दाबता ‘रीस्टार्ट’ दाबा. ऐकायला उलटं वाटेल, पण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं तरी तेच घडतं. हीच शिस्त मिंटच्या बाजूनेही पाळा: मिंट हायबरनेट करून त्याच ड्राइव्हसाठी विंडोज उघडायचं नाही.

फास्ट स्टार्टअप बंद केल्यावरही ड्राइव्ह अडून बसला तर विंडोजमध्ये जा, डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. एनटीएफएस ही ड्राइव्हवर फायली ठेवण्याची विंडोजची स्वतःची मांडणी आहे, 1993 च्या विंडोज एनटीपासूनची, आणि तिची खरी दुरुस्ती विंडोजच करू जाणे. लिनक्समध्ये एनटीएफएस-फिक्स नावाचं हत्यार मिळतं, पण ते जुजबी गोष्टी सरळ करून पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी एवढी नोंद करतं. त्यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट, तुमच्यासारख्या धंद्याच्या मशीनसाठी मला फार महत्त्वाची वाटते. दोन्हीकडून वापरायच्या फायली सी ड्राइव्हवर कधीच ठेवू नका. विंडोजचा सी विंडोजला, लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) लिनक्सला, आणि काम तिसऱ्या जागी. तुम्ही डी ड्राइव्ह वेगळा ठेवलाय हे उत्तम. मिंट सुरू होताना तो आपोआप जोडला जावा म्हणून मेन्यूमधून ‘डिस्क्स’ उघडा, ते पार्टिशन निवडा, खालच्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जा, ‘युजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा आणि ‘माउंट अ‍ॅट सिस्टिम स्टार्टअप’वर खूण ठेवा. त्याच खिडकीत पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द असतो, तो खोडू नका. तो नसेल आणि एखाद्या दिवशी ती डिस्क सापडली नाही, तर मिंट सुरू होताना अडकून काळ्या पडद्यावर येऊन थांबतं.

या सगळ्याआधी डी ड्राइव्हची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. सामाईक ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही. फाइल एकच आहे, दारं दोन.

मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. शाळेच्या कॉम्प्युटरवर दोन्ही सिस्टिम आहेत आणि सामाईक पार्टिशन नव्याने करायचं आहे. फॅट32, एक्सफॅट की एनटीएफएस? शिवाय ‘इयत्ता सातवी मराठी प्रथम सत्र संकलित मूल्यमापन उत्तरपत्रिका तपासणी अंतिम दुरुस्त प्रत शाळा क्रमांक 4’ अशी एक वर्ड फाइल विंडोजमध्ये छान उघडते, पण उबुंटूच्या होममध्ये (आपल्या स्वतःच्या फायलींच्या फोल्डरमध्ये) कॉपी करताना नाव फार लांब आहे म्हणून नकार येतो. विंडोजला चालतं ते उबुंटूला का चालत नाही?

पार्टिशनसाठी एनटीएफएस. फॅट32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे स्नेहसंमेलनाचं पूर्ण चित्रीकरण तिथे बसेलच असं नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केल्यापासून लिनक्सच्या गाभ्यातही तो आला आहे, आणि पेन ड्राइव्हसाठी मी तोच सुचवते. पण मशीनच्या आतल्या कायमच्या पार्टिशनसाठी नाही, कारण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं. जर्नल म्हणजे डिस्कवर बदल करण्याआधी ‘आता हे करणार आहे’ अशी लिहून ठेवलेली नोंद. काम चालू असताना लाइट गेली तर त्या नोंदीवरून फायलींची मांडणी परत जागेवर आणता येते. एनटीएफएसमध्ये ते असतं. यूपीएस नसलेल्या, किंवा यूपीएसची बॅटरी कधीच गतप्राण झालेल्या शाळेतल्या मशीनवर हा फरक फार मोठा आहे. लिनक्समधून एनटीएफएसवर लिहिणं आता जुनी, रुळलेली गोष्ट आहे: एनटीएफएस-3जी हा ड्रायव्हर (एनटीएफएस वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम) 2007 पासून ते काम करतोय आणि 2021 मध्ये गाभ्याच्या 5.15 आवृत्तीत पॅरागॉन कंपनीने दिलेला दुसरा ड्रायव्हरही आला.

पार्टिशन करताना विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच विंडोजचा ड्राइव्ह आक्रसा आणि सुटलेल्या जागेत नवीन पार्टिशन करा. विंडोजला स्वतःच्या फायली कुठे आहेत हे चांगलं ठाऊक असतं.

आता तुमच्या लांबलचक नावाचं. हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो आपल्यासारख्या देवनागरीत नावं देणाऱ्यांनाच पडतो. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा 255 चिन्हांची. एक्स्ट4 या लिनक्सच्या मांडणीत ती 255 बाइटची. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, म्हणून इंग्रजी नावाला दोन्ही मर्यादा सारख्याच. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारं अक्षर नव्हे. ‘श्री’ आपल्याला एकच दिसतं, पण आत श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे 12 बाइट. तेव्हा उबुंटूच्या होममध्ये देवनागरी नावाला जेमतेम 85 चिन्हं मिळतात. मी तुमचं नाव मोजून पाहिलं. त्यात देवनागरी चिन्हं बरोबर 85 आहेत, म्हणजे 255 बाइट तिथेच संपले. मधल्या स्पेस, 4 हा आकडा आणि शेवटी वर्डचं एक्स्टेन्शन मर्यादेच्या बाहेर पडलं. ‘७वी मराठी सत्र १ तपासणी अंतिम’ एवढं ठेवा आणि बाकीचं फोल्डरच्या नावात घाला.

नावांबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण शिक्षकांच्या फायलींत या हमखास सापडतात. उबुंटूमध्ये ‘पाऊस कसा पडतो?’ किंवा ‘परिपाठ 10:30’ असं नाव बिनतक्रार देता येतं. तीच फाइल सामाईक ड्राइव्हवर असेल तर विंडोजमध्ये ती दिसते पण धड उघडत नाही, कारण प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा कोलन, चांदणी, दुहेरी अवतरण आणि उभी रेघ विंडोजला नावात चालत नाहीत. दुसरं म्हणजे ‘वाऱ्याची दिशा’ यातला ऱ वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. पडद्यावर अगदी सारखा, आत निराळा. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि उबुंटूमध्ये दुसरा कीबोर्ड वापरत असाल तर शोधताना फाइल सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसतात. दोन्हीकडे एकच कीबोर्ड ठेवा.

मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवून तिच्यावर उबुंटू टाकलं. आता विंडोज उघडलं की ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा मेसेज येतो. सगळे प्रोजेक्ट उबुंटूत आहेत.

कॅन्सल दाब. दर वेळी कॅन्सल. आणि लॅपटॉप घरात दुसरं कुणी वापरत असेल तर त्यालाही आजच सांगून ठेव.

तुझी डिस्क धडधाकट आहे. उबुंटूची एक्स्ट4 मांडणी विंडोजला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते कोरं आहे असं समजून ते फॉरमॅट विचारतं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनला मिळालेलं ड्राइव्हचं अक्षर, एफ किंवा जी जे असेल ते, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून काढून टाक. नुसतं अक्षर काढायचं, ‘डिलीट व्हॉल्यूम’ला हात लावायचा नाही. मग तो मेसेज येणार नाही.

विंडोजमधून उबुंटूच्या फायली बघायच्याच असतील तर तुझ्याकडे दुसरी स्वतंत्र एसएसडी आहे हे बरं झालं. विंडोज 11 मधल्या डब्ल्यूएसएल 2 ला (विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीला) अशी पूर्ण डिस्क जोडता येते आणि एक्स्ट4 रीतसर वाचता-लिहिता येतं. ज्या डिस्कवरून विंडोज चालतंय तिच्यावरच्याच लिनक्स पार्टिशनला हे जमत नाही, म्हणून एकच डिस्क असलेल्या तुझ्या मित्रांना याचा उपयोग नाही. एक्स्ट4 विंडोजमध्ये उघडणारे जुने मोफत ड्रायव्हर इंटरनेटवर सापडतील. आजच्या एक्स्ट4 मधल्या काही सोयी त्यांना कळत नाहीत, तेव्हा प्रोजेक्ट असलेल्या डिस्कवर त्यांच्याकडून लिहून घेऊ नकोस.

माझं मत विचारशील तर नोट्स, पीडीएफ, व्हिडिओ एनटीएफएसवर ठेव, कोड उबुंटूच्या होममध्ये. लिनक्समध्ये कोणती फाइल चालवायची परवानगी कुणाला आहे याची नोंद एनटीएफएसवर नीट टिकत नाही, आणि पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथॉनचा संच) तर दोन सिस्टिममध्ये वाटून वापरताच येत नाही. कोड इकडून तिकडे न्यायचा असेल तर कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आहेच.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. बॅटरी बदलली, तरी तेच. (रत्नागिरी)

बॅटरीचा दोष नव्हता. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. आपल्या वेळेतला फरक साडेपाच तासांचा, म्हणून चूकही नेमकी तेवढीच. इंटरनेट जोडलं की घड्याळ सुधारतं, पण तोपर्यंत सेव्ह केलेल्या फायलींवर चुकीची वेळ बसलेली असते. सामाईक ड्राइव्हचा बॅकअप ‘नवी फाइल ठेव, जुनी बदल’ या पद्धतीने घेत असाल तर त्यात ताजी फाइल जुनी ठरून पुसली जाऊ शकते. म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल ही कमांड आहे, तिच्यातला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा पर्याय 1 करा. लिनक्स मदरबोर्डवर भारतीय वेळ लिहू लागेल. त्यावर लिनक्स एक इशारा देतं, पण तो मुख्यतः जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करतात त्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ते नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असलेल्या वाचकांनी मात्र उलट करावं, म्हणजे विंडोजलाच जागतिक वेळ वापरायला लावावं.

नाशिकला आमचं एकत्र कुटुंब आहे, कॉम्प्युटर एकच. पुतण्याने त्यावर लिनक्स टाकलं. माझ्या विंडोजला पासवर्ड आहे, तरी त्याच्या लिनक्समधून माझ्या हिशोबाच्या, आयकराच्या फायली सरळ उघडतात. त्याने काही हॅक केलंय का?

मुळीच नाही, आणि कृपा करून त्याला रागावू नका. विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू असतानाच पहारा देतो. लिनक्समधून ड्राइव्ह जोडला की तो पहारेकरी जागेवरच नसतो. पुतण्या सोडा, दुरुस्तीला मशीन नेलं तर तिथेही कुणालाही पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून हे बघता येतं. प्रश्न तुम्ही वेळेवर विचारलात.

फायली खरोखर झाकायच्या तर त्या एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशा, कराव्या लागतात. घरातल्या सामाईक ड्राइव्हसाठी मी व्हेराक्रिप्ट सुचवते. ते मोफत आहे आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर चालतं. त्यात एक मोठी फाइल तयार होते, पासवर्ड दिला की ती स्वतंत्र ड्राइव्हसारखी उघडते, काम झालं की बंद करायची. आयकराचे कागद, बँकेची स्टेटमेंट, मृत्युपत्राची प्रत, सगळं तिच्यात. पासवर्ड विसरलात तर आतलं कुणालाही काढता येणार नाही, तेव्हा तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि ती फाइल दुसऱ्याला वाचता आली नाही तरी पुसता येते. तिची प्रत बाहेर हवीच.

विंडोज 11 चा नवा लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी इथेच सांगते. 2024 मधल्या 24एच2 आवृत्तीपासून, विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. म्हणजे सी आणि डी दोन्ही कुलूपबंद, आणि लिनक्समधून ड्राइव्ह उघडायला गेलं की किल्ली मागितली जाते. ती 48 आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. लिनक्स बसवायला सुरुवात करण्याआधी ती शोधा आणि लिहून घ्या, कारण बूटच्या (मशीन सुरू होण्याच्या) सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोजही स्वतःच ती मागू शकतं. लॅपटॉप रोज लोकलने किंवा एसटीने फिरत असेल तर हे एन्क्रिप्शन बंद करू नका. लिनक्सला दर वेळी किल्ली द्यावी लागली तरी चालेल.

सामाईक ड्राइव्ह भरला म्हणून लिनक्समधून जुने लग्नाचे व्हिडिओ डिलीट केले. विंडोजमध्ये रिसायकल बिन रिकामा आहे, तरी जागा सुटत नाही. (सोलापूर, व्हिडिओ एडिटिंग)

तुमचे व्हिडिओ अजून त्याच ड्राइव्हवर आहेत. लिनक्सची कचरापेटी वेगळी असते: ड्राइव्हवर टिंबाने सुरू होणारं ‘ट्रॅश-1000’ असं एक फोल्डर. विंडोज त्याला आपला रिसायकल बिन मानत नाही, त्यामुळे तिकडून रिकामं केलं तरी याला धक्का लागत नाही. उलट बाजूनेही तसंच, विंडोजचा बिन लिनक्समध्ये डॉलरच्या खुणेने सुरू होणारं एक साधं फोल्डर म्हणून दिसतो. ज्या सिस्टिममधून डिलीट केलं तिच्यातच जाऊन ट्रॅश रिकामा करा. त्याआधी एकदा आत डोकावून बघा. एखाद्या गिऱ्हाइकाची मूळ टेप हरवलेली असेल आणि त्यांच्या लग्नाची एकमेव प्रत तिथेच पडलेली असेल, तर ती परत जागेवर नेण्याची ही शेवटची संधी आहे.